पोलिसांची बोट गर्दीच्या दिवशी पाण्यातच हवी

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाची चौपाटी, रविवारची संध्याकाळ. भाजलेलं कणीस, कांदाभजी, रस्त्यावर गाड्यांची रांग आणि पाण्याच्या अगदी कडेला सेल्फी काढणारी पोरं. एवढ्या कलकलाटात काठावरच्या हवालदाराची शिट्टी कितीशी ऐकू जाणार? शिवाय काठावरून त्याला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. तेच पाण्यातून बघितलं की तोंडं दिसतात, कोण शर्ट काढून उतरायच्या तयारीत आहे, कोण आधीच कमरेएवढ्या पाण्यात गेलंय, सगळं दिसतं.

धरणाकाठच्या छोट्या पोलीस ठाण्याला बोट लागते ती मुख्य यासाठी. लोकांना वाटतं कुणी बुडालं की काढायला बोट, पण माणूस बुडायला काही मिनिटं पुरतात हो, फोन येणार मग बोट ट्रेलरवरून उतरवणार मग मोटर चालू करणार, तोवर फक्त शोधकार्य उरतं. म्हणून गर्दीच्या दिवशी ती पाण्यातच फिरती हवी असं मला मनापासून वाटतं.

बोट म्हणजे बहुतेक वेळा हवेची रबरी बोट, मागे पेट्रोलची मोटर. या मोटरला सगळे ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. हवेचे कप्पे वेगवेगळे, एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. चालवणाऱ्याकडे नीट बघा, त्याच्या मनगटाला एक गुंडाळीची दोरी अडकवलीय, तिचं दुसरं टोक मोटरच्या स्विचला. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि मोटर जागेवर बंद, नाहीतर मोकळी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. बुडणाऱ्याकडे जायचं ते प्रवाहाच्या खालच्या अंगाने, हळूहळू, जवळ पोचलं की पंखा थांबवायचा आणि मग काखेत हात घालून त्याला आत ओढायचं. एक जण चालवायला, एक जण ओढायला, दोघांशिवाय बोट हलवायचीच नाही, आणि छोट्या ठाण्यात हीच खरी अडचण, बंदोबस्तातून ही दोन माणसं काढायची कुठून?

शहरात मुळा-मुठेत वेगळाच ताप, जलपर्णी. पंख्यात गुंतली की मोटर वर उचलायची आणि हाताने एकेक दांडा ओढत बसायचं.

25 जुलै 2024 आठवतो ना? खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलेलं, म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर, आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. अग्निशमन दल, एनडीआरएफ, लष्कर सगळे उतरले. गल्लीत मोटर चालत नाही. पाण्याखाली बुडालेल्या गाड्या असतात, कंपाउंडच्या भिंती असतात, ग्रिलचं एक टोक लागलं तरी रबर फाटतं, मग मोटर वर आणि बोट वल्ह्याने नाहीतर दोरीने ओढत न्यायची, छातीएवढ्या पाण्यात चालत.

आणि हे सगळं हातात बसतं ते कोरड्या दिवसात. मे महिन्यात बोट बाहेर काढायची, शिळं पेट्रोल काढून टाकायचं, हवा भरायची, सगळ्या शिवणींवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावायचं आणि शांतपणे बघत राहायचं. बुडबुडा आला की तिथे पॅच, लगेच, धरणाचे दरवाजे बंद आहेत तोवर.