पायाआधीचा चर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरबांधणीपूर्वी पुरातत्त्वीय तपासणी: एक आराखडा'. आराखडा देतोच. पण आधी एक चर सांगतो. तो सांगितल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

आपल्या गोव्यात जुवारी नदीच्या काठी कदंब राजांचं गोपकपट्टण शहर होतं, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच नदीपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर माडांचं एक भाट होतं. ते विकलं गेलं, सनद, म्हणजे जमिनीवर बांधकाम करायची सरकारी परवानगी, झाली, फ्लॅटांच्या पायाचे चर सुरू झाले. सकाळी फिरताना मी आत डोकावलो. चराची उभी बाजू कोयत्याने शहाळं तासावं तशी साफ कापलेली. वर गुडघाभर तांबडी माती. तिच्याखाली वीतभर काळा पट्टा: राख, कोळसा, तिसऱ्यांच्या शिंपा. आणि त्याखाली विटांची रांग. उतरून एक वीट हाताने मोजली: दोन विती लांब, चार बोटं जाड. अशी वीट आज कोण भाजतो? आणि जिथे जांभ्या दगडाचा चिरा पायाखालीच मिळतो तिथे वीट का? चांदरला, म्हणजे प्राचीन भोज राजांच्या चंद्रपुरात, उत्खननात विटांच्या देवळाचा पाया निघालाय. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

मुकादमाला म्हटलं, "दोन दिस राव रे बाबा." भला माणूस. "मालकाक विचारतां सर," म्हणाला. मी घरी येऊन फोन केले, अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेलो तर चरात काँक्रीट. विटा फाटकाजवळच्या खड्ड्यात भर म्हणून टाकलेल्या. तिथल्या एका पोराने तीन उचलून दिल्या.

लोक घरी येतात, त्या बघून म्हणतात, "सर, तुम्ही वाचवल्या." नाही हो! राख विटांवर पडली की विटा राखेत रोवल्या, शिंपा कुणाच्या जेवणातल्या, हे आता ती वीट कुणालाच सांगणार नाही. त्यातला चिमूटभर कोळसा मिळाला असता तरी काळ काढता आला असता. वस्तू उरली, जागा गेली.

बरं, इथे कितीजणांच्या विहिरीत खापऱ्या निघाल्यात? हात वर करा. सात! आणि कुणाला कळवलं कितींनी? ...हसू नका, मला कारण ठाऊक आहे. सरकार जमीन घेईल ही धास्ती. ती धास्ती काढल्याशिवाय माझा आराखडा कागदावरच राहील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. भरभर सांगतो. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे. म्हणजे जे आधीच माहीत आहे त्यालाच राखण. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कळवा म्हणतो. राखेच्या पट्ट्याची किंमत कोण लावणार?

म्हणून सनदेआधी तीन गोष्टी करा. जुने कागद आणि जागांची नावं बघा. कोट, देवळाची जागा अशी नावं उगाच पडत नाहीत. पहिल्या पावसानंतर जमीन चालून बघा, धुपलेल्या मातीत खापऱ्या वर येतात. मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दोन-तीन चाचणी चर, हाताने, थराथराने. बहुतेक ठिकाणी काही निघणार नाही, काम सुरू करा. निघालं तर आराखडे, फोटो, नमुने घ्या, मग बांधा. फारच मोलाचं असेल तिथेच पाया सरकवायचा. खर्च बांधणाऱ्याचा, पुरातत्त्वीय वारसा जपण्याच्या १९९२ च्या माल्टा करारानंतर युरोपात हाच रिवाज रुळला. माझ्या भाच्यालाही घर हवंय, त्याचं घर मला अडवायचं नाही. पण काँक्रीटआधीचे ते दोन दिवस मला हवेत, आणि ते कायद्याने हवेत, मुकादमाच्या भलेपणावर नकोत.

दुसरी चिठ्ठी आली. विटा पुढच्या टेबलावर ठेवल्यात, हातात घेऊन बघा. आणि ते सातजण, जाऊ नका. वही आणलीय. विहीर कुठे आणि खापऱ्या किती हातांवर लागल्या, एवढंच लिहून घेतो. नाव लिहीत नाही.