मासा तलावाचा की आंध्राचा?

श्रोतेहो, नमस्कार.

भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या आठवडी बाजारात मासळीच्या ओळीपाशी जरा थांबा. जाणकार गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. आधी विचारतं, "मासा तलावाचा की आंध्राचा?" बर्फाच्या पेटीतून ट्रकने आला तो आंध्राचा. टोपलीत अजून तोंडाची उघडझाप करतोय तो आपल्या तलावाचा. आज मला यातच थोडी खोडी काढायची आहे. आपल्या तलावात वाढलेला रोहू तरी तलावाचा असतो का?

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले. पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत. आपल्या साचलेल्या तलावात ते खातात, वाढतात, गलेलठ्ठ होतात, पण त्यांचा वंश तिथे पुढे चालत नाही. १९५७ साली ओडिशातल्या कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून रोहू, मृगळ यांसारख्या जातींची हुकमी वीण करून दाखवली. आज मत्स्यबीज केंद्रातून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, आणून दर पावसाळ्यात तलावात सोडता येतं, ते त्यामुळेच. फार मोठं काम झालं. कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण मच्छीमार संस्थेच्या वहीत आपण काय लिहितो? बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, किती सोडली, माल किती किलो निघाला. हा दुकानाचा हिशेब झाला. माल भरला, माल विकला. तलावाची तब्येत त्यात कुठेच येत नाही.

तब्येत कळते ती कुणी विकत न आणलेल्या माशांवरून. मरळ, मागूर, शिंगी, वाम. यांचं बीज कुणी सोडलेलं नसतं, तरी जाळ्यात ते निघाले, तर तलाव आपली लेकरं आपण वाढवतोय. आणि ते निघेनासे झाले, तर तलावाचं फक्त टाकं झालेलं असतं.

पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांवर आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींचा. पुढे मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे झाले 'मामा' तलाव. मामा म्हटलं खरं, पण भाचे नंतर फारसे फिरकले नाहीत. गाळ साचला, काठाला बेशरम माजली. बेशरम म्हणजे ती जांभळट फुलांची, जिला गुरंही तोंड लावत नाहीत.

मासेमारी म्हटलं की आपलं लक्ष खोल पाण्याकडे जातं. वीण मात्र होते काठाला, गुडघाभर पाण्यात. तिथे पाणवनस्पती हव्यात. कुणी पानाला अंडी चिकटवतो, कुणाची पिल्लं मुळांमध्ये लपतात, कुणी तिथले किडे खातो. देवधान, म्हणजे तलावात आपसूक उगवणारा रानभात, तोही याच पट्टीतला. ही पट्टी बेशरमीने गिळली, किंवा आपणच गवत खाणारा गवत्या मासा आणून सोडला आणि त्याने ती फस्त केली, की मग वरून कितीही बोटुकली ओता.

भंडाऱ्याचे तलाव-अभ्यासक मनीष राजनकर आणि त्या भागातले ढिवर मच्छीमार यांनी हे ओळखलं. त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरला आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती तिथे लावल्या. तलावात लावणी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं होतं. पण धानाच्या मुलखातल्या बायाबापड्यांना चिखलात रोप खोचायला कुणी शिकवावं लागतं का? वनस्पती धरल्या, तसे स्थानिक मासेही परत दिसू लागले.

आता थोडं तिलापियाबद्दल. काही ठिकाणी त्याला चिलापी म्हणतात. त्याची अडचण रोहू-कटल्याच्या नेमकी उलटी. तो लहानपणीच विऊ लागतो आणि पुन्हा पुन्हा वितो. तलाव माशांनी नुसता भरून जातो, खाणं पुरत नाही, सगळेच बोटाएवढे राहतात. जाळं जड लागतं, पण विकायला काही नाही. मासे पुष्कळ म्हणून तलाव निरोगी, असं समजू नका.

आणि एक, संस्थेच्या सभासदांसाठी. सलग ढगाळ दिवस गेले की पहाटे तलावावर चक्कर टाका. रात्रभर वनस्पती, शेवाळ, मासे सगळेच पाण्यातला प्राणवायू वापरतात, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. कटला, रोहू वर येऊन हवा गिळताना दिसले, तर त्या दिवशी शेण-खत टाकू नका आणि जमेल तसं पाणी खळबळवा. मरळ आणि मागूर मात्र एरवीही वर येऊन श्वास घेतात, त्यांच्यावरून घाबरू नका.

मरळीचं निघालंच आहे तर सांगतो. पावसाळ्यात काठच्या वनस्पतींत पाण्यावर लालसर पिल्लांचा एक गोळा हलताना दिसतो. त्याच्या खाली मोठी मरळ राखणीला असते. गळ टाकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून गळ तिथेच पडतो. राखणदार मरळ पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालते, त्यामुळे ती हमखास लागते. घरी मस्त कालवण होतं, आणि गोळ्यातली शेकडो पिल्लं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माशांच्या आणि बगळ्यांच्या पोटात गेलेली असतात. पावसाळ्यात समुद्रावर यांत्रिक होड्या बंद असतात. आपल्या तलावावर निदान तेवढा लाल गोळा सोडून गळ टाकायचा, हे ठरवायला संस्थेची एक सभा पुरेल. यंदाचं बीज सोडण्याआधीच ती घ्या.

नमस्कार.