आधी पाय बघा

(फोटो-व्हिडिओवाल्यांच्या मेळाव्यातलं भाषण, शब्दांकन करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'हलत्या माणसामागची पार्श्वभूमी धूसर कशी करावी'. ते सांगणारच आहे. लॅपटॉप आणलाय, क्लिप आणलीय, प्रोजेक्टरची वायर तेवढी यायचीय. पहिल्या रांगेत बसलेल्या दोघांनी मागच्या वर्षी माझ्याकडून हार्डडिस्क नेल्यात, त्यांना आत्ता हसू येतंय. असू दे.

आपल्या धंद्यात ब्लर जमला का हे बघायचं म्हटलं की सगळे झूम करून केस बघतात. एकेक बट सुटी दिसतेय का, झुमक्याच्या आतली भोकं मोकळी आहेत का. माझं म्हणणं एवढंच की केस नंतर, आधी पाय बघा. हे मला कुठल्या कोर्सात कुणी शिकवलं नाही. एका आजीनं शिकवलं, तेही वीस माणसांसमोर.

शेतातल्या मांडवातलं लग्न होतं. नवरीची एंट्री. चार करवल्या डोक्यावर फुलांची चादर धरून, मधे नवरी, मागे मामा. आता मांडवाच्या तोंडाशी काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. जनरेटरची गाडी, पाण्याची निळी पिंपं, एकात एक अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून हात धुणारे एक गृहस्थ. हे गृहस्थ प्रत्येक लग्नात असतात. माणूस बदलतो, पाठ तीच. (हशा)

नवरीचे वडील म्हणाले, "मागचं ते सगळं धूसर करून टाका की. मोबाईलात होतंय ना!" मंडळी, या 'मोबाईलात होतंय ना'नं आपल्याला जेवढं लुटलंय तेवढं जीएसटीनं पण नाही. मोबाईलात होतं हे खरंय, नाही कोण म्हणतो? २०२१ मध्ये आयफोन १३ आला तेव्हा सिनेमॅटिक मोडमध्ये फोकस मागाहूनसुद्धा बदलता यायला लागला. पण तो का बदलता येतो? कारण फोन चित्राबरोबर अंतराचाही हिशेब लिहून ठेवतो. माझ्याकडे होतं साध्या कॅमेऱ्याचं फुटेज. भर दुपार, एफ ११ म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, नवरीपासून जनरेटरपर्यंत सगळं लख्ख. अंतराचा हिशेब शून्य.

तरी मी हो म्हटलं. पार्टीला नाही म्हणायचं नसतं. नवरीवर क्लिक केलं, सॉफ्टवेअरनं तिच्याभोवती मास्क, म्हणजे तिला मागच्यापासून वेगळं काढणारा आकार, आखला, तो तिच्याबरोबर फ्रेममागून फ्रेम सरकावा म्हणून ट्रॅकिंगला लावलं आणि मी चहाला गेलो. अठरा सेकंदांचा शॉट. पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं साडेचारशे फ्रेम. येऊन बघतो तर काम झालेलं. प्रिव्ह्यूच्या खिडकीत, म्हणजे एवढ्याशा पोस्टकार्डात, काय देखणं दिसत होतं! पेनड्राइव्ह दिला. आणि त्यांच्या आग्रहाखातर बघायला घरीही गेलो. ती चूक दुसरी.

भिंतीवर मोठा टीव्ही. सगळं घर जमलेलं, पोह्यांच्या बश्या फिरतायत. नवरी आली. आजी पुढे सरकल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं बया, पोरगी चालतीया का सरकतीया?" खोली गप्प. मग दुसरा घाव, "भुताचं पाय जमिनीला टेकत न्हाईत म्हणत्यात."

मी बघितलं. म्हातारी शंभर टक्के खरं बोलत होती. नवरी साफ, तिच्या पैंजणापासून पुढची सगळी जमीन धूसर. पाय टेकायला जमीनच ठेवली नव्हती मी! पुठ्ठ्याची नवरी कापून धुक्यात सोडल्यासारखी.

आजींपर्यंत ठीक होतं, पण मामा उठले. झालं होतं असं, की मामांचा हात नवरीच्या खांद्यावर. मास्कला वाटलं हात नवरीचाच. हात घेतला, हातामागून दंड घेतला, मग अर्धे मामा घेतले, आणि पुढच्या फ्रेमला विचार बदलून सोडून दिले. त्यामुळे अठरा सेकंद मामा कधी नातेवाईक, कधी पार्श्वभूमी. (हशा) दोनशे बाराव्या फ्रेमला तर कान साफ आणि नाक धूसर. मामा म्हणाले, "पैठणी मी घेतली, मांडवापर्यंत पोरीला मी आणली, आणि मलाच पुसलं?" काय उत्तर देणार? मी पोहे खाल्ले. मिरची लागली म्हणून पाणी मागितलं, तेही कुणी दिलं नाही.

मुंडावळ्यांचं तर बोलूच नका. मोत्यांची सर डावीकडे आहे, उजवीकडे नाही. पुढच्या फ्रेमला उजवीकडे आहे, डावीकडे नाही.

मग दोन रात्री बसून साडेचारशे फ्रेम हातानं दुरुस्त केल्या. हे काम नवीन आहे असं समजू नका हं. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन कार्टूनवाल्यानं रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये घेतलं. स्वतःच्या भावाला विदूषकाचे कपडे घालून त्याचं चित्रण केलं, आणि फ्रेममागून फ्रेम काचेवर पाडून वरून रेघा मारत बसला. शंभर वर्षांनंतर मी सांगलीत तेच करतोय, फक्त विदूषक कोण ते तुम्ही ठरवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. दहा? आत्ता तर सुरुवात केली! बरं, प्रोजेक्टरचं राहू दे, ऐका पटापट.

पायांचं गणित. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएम लेन्स, एफ १.८ म्हणजे छिद्र मोठं, आणि नवरी पूर्ण उंचीची फ्रेममध्ये मावावी म्हणून साधारण एकवीस फुटांवर. तेव्हा साफ दिसणारा पट्टा जेमतेम दोन फुटांचा असतो. म्हणजे पावलांच्या मागे-पुढे फूट-फूट जमीन साफ, आणि तिथून ती हळूहळू विरत जाते. लेन्स माणूस कापत नाही, ती अंतर मोजते. आपण काय करतो? माणूस कापतो आणि उरलेल्या सगळ्याला एकच आकडा लावतो. नवरीमागे चार फुटांवरच्या करवलीला जेवढा ब्लर, तेवढाच साठ फुटांवरच्या जनरेटरला! म्हणून मास्क एकटा पुरत नाही. जमिनीला ब्लरचा ग्रेडियंट द्या, पावलांशी शून्य आणि मागे वाढत जाणारा. नवरी चालत पुढे आली की ग्रेडियंटही तिच्याबरोबर चालवा. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीत २०२२ पासून डेप्थ मॅप, म्हणजे अंतराचा नकाशा, आहे, तो हा उतार बराचसा आपोआप देतो. तो अंदाजच असतो आणि फडफडतो, पण निदान प्रश्न बरोबर सोडवायला बसतो.

पुढचं, साडीचा लाल रंग मागे पसरतो आणि नवरीभोवती तेजोवलय येतं. देवाच्या फोटोला चालेल, इथे नको. ब्लर म्हणजे शेजारचे पिक्सेल एकमेकांत कालवणं, त्यात साडीही कालवली जाते. म्हणून खालच्या, म्हणजे पार्श्वभूमीच्या, लेअरमधून नवरी आधी काढा, भोक आजूबाजूच्या रंगानं बुजवा, मग ब्लर, आणि नवरी वरून ठेवा.

गॉशियन ब्लर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला नेहमीचा साधा ब्लर, लावू नका. लेन्स प्रत्येक दिव्याची थाळी करते, कडेपर्यंत उजेड भरलेली. गॉशियन त्यावर बोळा फिरवतो. लेन्स ब्लर घ्या, तोही लिनियरमध्ये, म्हणजे उजेडाच्या सरळ आकड्यांवर. आपल्या फाइलीत उजेडाचे आकडे गॅमानं वाकवलेले असतात, ते तसेच मिसळले की रोषणाईची माळ मरते आणि मळकट ठिपके उरतात.

हलता हात. शटर एक पन्नासांश सेकंदाला असेल तर हलणाऱ्या बोटांच्या कडा मुळातच अर्धपारदर्शक असतात, त्यांना कात्रीसारखा मास्क लावला की हात पत्र्याचा दिसतो. तिथे फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, वाढवा, चेहऱ्याला कमी ठेवा. एकच आकडा सगळ्या अंगाला नको.

आणि हो, ग्रेन! ब्लरनं मागचा नॉइज, म्हणजे चित्रातला बारीक रवा, पुसला जातो. मागे लोणी आणि पुढे नवरी रवाळ, असं दिसतं. मागच्या लेअरवर थोडा ग्रेन परत टाका.

शूटिंगलाच एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावून लेन्स उघडी ठेवली असती तर यातलं निम्मं करावं लागलं नसतं, पण त्यावर बोलायला लागलो तर अध्यक्ष माईकची वायर काढतील. काढलीच की!

ज्यांना क्लिप बघायचीय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या. दोनशे बारावी फ्रेम लावून ठेवतो. आणि त्या हार्डडिस्क, तेवढ्या चहाच्या आधी.