खार ओरडली की वर बघा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळचे पावणेआठ. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरीची वाट बघत मी ओट्याशी उभी. इतक्यात खिडकीबाहेरच्या रेन ट्रीवर खारीनं आकांत मांडला. चिक्, चिक्, चिक्, चिक्... थांबायचं नाव नाही, आणि प्रत्येक 'चिक्'सरशी शेपटीला झटका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता, मानही वर न करता म्हणाल्या, "ताई, शिकरा आलाय."

आणि खरंच आला होता शिक्रा, छोटा शिकारी पक्षी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपासून दहा-बारा हातांवर, आडव्या फांदीवर.

मी पुण्यात सहकारनगरला राहते, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी. गळ्यात दुर्बीण अडकवून टेकडीवर जायला लागल्याला बरीच वर्षं झाली. मावशींनी आयुष्यात दुर्बीण हातात धरलेली नाही. पण त्यांचं लहानपण मुळशीकडे कोंबड्या राखण्यात गेलं, आणि कोंबडीची पिल्लं राखणाऱ्याला शिकारी पक्षी आधी कानानं कळतो, डोळ्यांनी नंतर. म्हणून आज रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही याचं फारसं वाईट वाटत नाही.

तरी शिकारी पक्ष्यांच्या ओळखीची सुरुवात घारीपासून करू, कारण घार पक्की झाली की अर्धं काम झालं. पुण्याच्या आकाशात संथ गिरक्या घेणारा मोठा तपकिरी पक्षी दिसला की कोणीतरी हटकून 'गरुड, गरुड' करतं. बहुतेक वेळा ती घार असते. तिची शेपटी बघा, माशाच्या शेपटीसारखी मधोमध खाचेची. वळताना ती शेपटी सुकाणूसारखी डावी-उजवीकडे तिरपी करते. शेपटी पूर्ण पसरली की मात्र खाच जवळजवळ दिसेनाशी होते, तेव्हा लगेच निकाल देऊ नका, एक गिरकी थांबा. सर्पगरुड बघायचा तर सिंहगड किंवा मुळशीच्या झाडीकडे जावं. त्याच्या पंखांखालून रुंद पांढरा पट्टा जातो आणि तो उडता उडता शिट्ट्यांसारखा ओरडतो. घारीला असा पट्टा नसतो.

आता आमच्या फांदीवरचा शिक्रा. आकारानं पारव्यापेक्षा जरा लहानच, त्यामुळे 'शिकारी' म्हटल्यावर बघणाऱ्याची निराशाच होते. पाठ राखाडी, पोटावर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा, हनुवटीखाली मधोमध एक गडद रेघ, आणि डोळा लालभडक. लाल डोळा म्हणजे नर. मादी त्याच्याहून मोठी आणि तिचा डोळा पिवळसर. पिल्लू मोठं होत असताना तपकिरी असतं, छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके-ओघळ. हा शिक्रा मुळीच हलत नव्हता. फक्त मान फिरत होती. मग पंखांची चार-पाच फडफड, एक तरंग, आणि पार्किंगच्या भिंतीवरचा सरडा उचलून तो पलीकडच्या निलगिरीवर. माझी तिसरी शिट्टी, चौथी, पाचवी, सगळ्या होऊन गेल्या. भाताची पेज झाली, ते सोडा.

गच्चीत कधी पिसांचा सडा पडलेला दिसला तर झाडू घेण्याआधी एक पीस उचलून बघा. देठ शाबूत असेल तर ते उपटलेलं आहे, म्हणजे काम शिक्र्यासारख्या पक्ष्याचं. देठ चावून तुटलेला असेल तर मांजर.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एका उन्हाळ्यात मी जवळजवळ महिनाभर सोसायटीच्या ग्रुपवर 'आपला शिक्रा' म्हणून फोटो टाकत होते. राखाडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, उडण्याची तीच ढब, बुलबुल त्याच्यामागे लागलेले. सगळं जुळत होतं. मेच्या अखेरीस एका ढगाळ दुपारी आपल्या शिक्र्यानं माझ्यादेखत तोंड उघडलं आणि तारस्वरात म्हणाला, "पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!"

पावशा होता तो! चौथ्या मजल्यावरचे काका अजून मला जिन्यात 'काय, पेरणी झाली का?' असं विचारतात.

पण यात माझ्यापेक्षा पावशाची हुशारी जास्त. तो कोकिळेच्या कुळातला, आपली अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालणारा. शिकारी पक्ष्याचं सोंग एवढं बेमालूम की सातभाईही बिचकतात. सोंग उघडं पडतं ते तोंडावर. शिक्र्याची चोच आखूड, आकड्यासारखी वळलेली, बुडाशी पिवळी. पावशाची चोच सरळसाधी, आणि पायही किडे खाणाऱ्याचे, नाजूक. त्या दिवसापासून मी आधी चोच बघते, मग पंजे, आणि रंग सर्वांत शेवटी.

आवाजातही फसवाफसवी आहेच. शिक्र्याची हाक दोन सुरांची, तीक्ष्ण, 'टि-ट्यू, टि-ट्यू' अशी. ती ऐकून तुम्ही गॅलरीत धावाल आणि तारेवर बसलेला असेल काळाकुट्ट, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी शोधलेला किडा हा लाटतो. नाव कोतवाल, धंदा हा!

दिवसाढवळ्या बुलबुल, शिंजीर, चिमण्या असे सगळे एकाच ढोलीपाशी जमून कलकलाट करत असतील, तर आत पिंगळा असण्याची शक्यता दाट. वीतभर उंचीचं, ठिपक्याठिपक्यांचं घुबड. तुमच्याकडे टक लावून बघता बघता मान वर-खाली करतं. तिन्हीसांजेला जोडीनं चिर्र-चिर्र सुरू होतं, आणि मग कोणीतरी म्हणतंच, पिंगळा ओरडला, आता काहीतरी वाईट कानावर येणार. माझ्या सासूबाईही म्हणायच्या. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही, फक्त पिंगळ्याच्या ढोलीची फांदी तोडायला आलेल्या माणसाला दोनदा चहा पाजून परत पाठवलं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत याचं मोठं भावंड असतं, गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि अंधारात फिस्स असा आवाज. माळ्याखाली केस आणि बारीक हाडांच्या गोळ्या सापडल्या तर दचकू नका. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेलं असं ओकून टाकतं. इतका चोख हिशेब देणारा भाडेकरू वाड्याला मिळायचा नाही. तिकडे पुरंदर तालुक्यात पिंगोरीला तर घुबडांचा उत्सव भरला होता.

शहर संपून माळरान लागलं की विजेच्या तारांवर कापशी बघा, पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. उंदीर हेरताना ती हवेत एकाच जागी पंख मारत थांबते. हिवाळ्यात टेकडीवर असंच थांबणारा, पण विटकरी पाठीचा पक्षी दिसला तर तो खरुची.

घारीबद्दल एक राहिलं. थंडी सरता सरता त्यांची घरटी उंच झाडांवर, टॉवरवर दिसू लागतात, आणि त्यांत काड्यांबरोबर चिंध्या, वायरी, काय वाटेल ते. पिल्लं असताना घार माणसाच्या डोक्यावर झेप घेते. तेवढे दिवस गच्चीवर छत्री उघडून जा. घरटं पाडू नका, वन्यजीव संरक्षण कायद्यानं, म्हणजे १९७२ सालापासून, ते गुन्ह्यात बसतं. आणि संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेली घार दिसली तर मांजा ओढू नका, पंख कापला जातो. वरून हलका कपडा टाका, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा, पाणी पाजायला जाऊ नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पंज्यांपासून हात लांब. चोचीपेक्षा तिचे पंजे वाईट.

परवा सकाळी पुन्हा तोच आकांत. चिक्, चिक्, चिक्. मी गॅस बंद केला, अनुभवानं शहाणी झालेय, आणि दुर्बीण घेऊन खिडकीत. फांदी पाहिली, निलगिरी पाहिली, आभाळ पाहिलं. काही नाही. मावशी आल्या, खाली बोट दाखवलं. स्कूटरच्या सीटवर शेजारचा बोका बसला होता.

"हे मांजराचं ओरडणं," त्या म्हणाल्या, "शिकऱ्याचं वेगळं. तुम्हाला कळत नाही होय?"

नाही कळत अजून. सध्या रोज सकाळी तेच ऐकते आहे.