वर मांडव, खाली माती

नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात कुठल्याही द्राक्षबागायतदाराशी बोला, बोलणं मांडवावरच, म्हणजे वेली ज्यावर चढवतात त्या तारांच्या सांगाड्यावरच सुरू होतं, घड किती निघाले, डाऊनी आली का, भुरी कुठवर आलीये (दोन्ही बुरशीचे रोग)... जमिनीचा विषय निघतच नाही. आणि वेळ तरी कुठंय, एप्रिलात खरड छाटणी (नवी काडी यावी म्हणून), ऑक्टोबरात फळछाटणी (घड यावेत म्हणून), मधे फवारण्यांवर फवारण्या.

प्रत्येक फवारणीला ट्रॅक्टर-ब्लोअर त्याच चाकोरीतनं जातो. काळी जमीन ओली असताना वरून चाक गेलं की अशी दबते की पहार आत जात नाही, मग रोटर मारायचा, तणनाशक मारायचं, वर भुसभुशीत आणि खाली घट्ट थर तसाच.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हापासून घडाचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांचे अंश किती उरलेत तो अहवाल, सगळ्यांना पाठ. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कार्बन, किती विचारा, डोकं खाजवतात!

आता ही बाग बघा. पहिल्या पावसावर ओळींच्या मधे ताग टाकलाय, उपटला की मुळांवर या गाठी, हवेतला नत्र इथं धरला जातो. फुलावर आला की कापून तिथंच आडवा पाडायचा. छाटणीच्या काड्या आधी बांधावर पेटवायचे, आता कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या उंच वरंब्यावर, पसरतात. मातीत मिसळत नाहीत हां, कच्ची काडी कुजताना जमिनीतला नत्र ओढते आणि वेल पिवळी पडते. करप्याची किंवा पिठ्या ढेकणाची काडी मात्र बागेबाहेरच.

हे आच्छादन जरा बाजूला करा... ही पांढरी मुळी, पार वरपर्यंत आलीये, शेजारी गांडुळाची विष्ठा. उघड्या बोदावर उन्हाळ्यात बोअरच्या खारट पाण्यानं ड्रीपरभोवती पांढरं कडं धरतं, इथं ऊन थेट लागत नाही म्हणून ते कमी.

शेजारी म्हणतात, बागेत गवत माजवलंय. चकाचक बाग म्हणजे चांगला बागायतदार, हे डोक्यात इतकं बसलंय की तेच काढायला सगळ्यात अवघड.

पण ताग ऑक्टोबर छाटणीपर्यंत उभा राहिला तर दमटपणा वाढून डाऊनीला आमंत्रणच. आणि फवारणी शून्य होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, फळछाटणीनंतर पाऊस लागला की बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, मारावाच लागतो, तोही जपून, कारण त्यातलं तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना ते मानवत नाही.