कड्यावर पक्षी बघायचेत? आधी खाली बसा!

राम राम मंडळी! पफिन या समुद्रपक्ष्याच्या रील्स फिरायला लागल्यापासून एकच प्रश्न येतोय: "दादा, दिवाळीच्या सुट्टीत ब्रिटनचे समुद्रकडे कसे राहतील?" पफिनसाठी जात असाल तर दिवाळीत नका जाऊ. तो कड्यावर एप्रिल ते जुलै. माथ्यावरच्या मातीत बीळ करून अंडं घालतो आणि ऑगस्टपर्यंत समुद्रावर निघून जातो.

दिवाळीनंतर कड्यावरचे पक्षी बघायला आपलं नंदुरबारचं तोरणमाळ आहे ना! शहाद्याहून घाट चढा, सकाळी सीताखाईच्या दरीचा काठ गाठा. दुर्बीण, पाणी, मातकट कपडे, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे.

आता नीट ऐका. कड्याशी पोचलात की काठापासून चार पावलं मागे बसा. दुर्बीण डोळ्याला लावून चालू नका! गेल्या हिवाळ्यात माझा भाचा घारीच्या मागे तसाच सरकत गेला. पुढचा पाय भुसभुशीत मुरमावर. मी मागून त्याची सॅक धरली. "आठे बस!" एवढंच तोंडातून निघालं. हात अर्धा तास थरथरत होते.

एकानं लिहिलंय, "बसून काय दिसणार? फिरायला पाहिजे." भाऊ, जंगलात फिरा. कड्यावर उभा माणूस आभाळासमोर लांबूनही दिसतो, पक्षी वाट बदलतात. बसलात की मागच्या झुडपात मिसळून जाता.

आणि नऊनंतर ऊन तापलं की गरम हवा कातळ धरून वर चढते. त्या हवेवर शिकारी पक्षी आपणहून तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. भाच्याला बसवलं, कळण्याची भाकरी हातात दिली, तेवढ्यात खाली दरीत खरुची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी, आला. पंख फडफडवत एका जागी थांबलेला. खालून नुसतं पोट दिसतं. आम्हाला वरून त्याची विटकरी पाठ, तिच्यावरचे काळे ठिपके, राखाडी डोकं, सगळं दिसलं. भाकरी तशीच हातात राहिली पोराच्या.

रानपिंगळा या दुर्मिळ छोट्या घुबडाबद्दलही विचारताय. 113 वर्षं कुणाला न सापडलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळच पुन्हा दिसला. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करतो, कारण मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला छळणाऱ्यांशी मला सविस्तर बोलायचंय.