बारा मिलिमीटरची कवटी

(दृश्य: अंगठ्याच्या नखाशेजारी ठेवलेली कवटीची प्रतिकृती)

एवढीच. लांबी १२ मिलिमीटर. चीनच्या युनान प्रांतात लुफेंगच्या खडकांत १९८५ साली मिळालेली. आधी वाटलं, मॉर्गनुकोडॉन या प्राण्याचं पिल्लू असेल. पण दात नीट पाहिले तर झिजलेले! म्हणजे स्वारी वाढ पूर्ण झालेली. २००१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लुओ झे-शी आणि सहकाऱ्यांनी त्याचं बारसं केलं: हॅड्रोकोडियम वुई. काळ सुमारे साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा, वजन अंदाजे २ ग्रॅम. सस्तन प्राण्यांच्या घराण्यातला हा अगदी जवळचा चुलत भाऊ.

इतक्या लहान जिवाची कवटी मिळणं हे नशीबच. एरवी हाती लागतात ते सुटे दात. आपल्या गडचिरोलीत सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्या ज्युरासिक खडकांना नाव पडलं, त्यांतूनही अशा चिमुकल्यांचे दातच मिळालेत.

(दृश्य: जबड्याचं त्रिमितीय चित्र, आतली खाच ठळक)

आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडं पूर्वजांमध्ये जबड्याच्या सांध्यात होती. हॅड्रोकोडियममध्ये ती जबड्यापासून सुटली होती, असं २००१ मध्ये मांडलं गेलं आणि त्याचा बराच बोलबाला झाला. पुढे सीटी स्कॅनमध्ये जबड्याच्या आतल्या बाजूला एक खाच दिसली. कानाची हाडं तिथेच जोडलेली असणार! २०२२ मध्ये हे जाहीर करणाऱ्यांत लुओ स्वतः होते. आपलाच गाजलेला निष्कर्ष असा मागे घ्यायला हिंमत लागते.

मेंदूचं मात्र तसं झालं नाही. कवटी न फोडता आतली पोकळी मोजता आली, आणि शरीराच्या मानाने मेंदू आजच्या सस्तन प्राण्यांच्या पंक्तीत बसेल एवढा निघाला. जीवाश्मतज्ज्ञ टिमोथी रो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की या वाढीत वासाचे भाग आघाडीवर होते. साहजिकच आहे. याच लुफेंगच्या थरांत सहा मीटर लांबीचा लुफेंगोसॉरस हा डायनोसॉर सापडतो. अशा शेजारात आपल्या या चुलत भावाने रात्रीच बाहेर पडायचं, असं मानलं जातं. अंधारात किडे हुडकायचे तर भिस्त नाकावर.

आणि हुडकत राहणं भाग होतं. इवल्याशा अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. आज जवळपास तेवढ्याच वजनाचा एट्रस्कन श्रू, हा आपल्या चिचुंदरीचा भाऊबंद, भारतातही आढळतो. तो रोज स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खातो.